सर तीन वेळा तेच सांगतात, तेव्हा

प्रश्न: वय ४१, ठाण्यात राहतो, बँकेत नोकरी. दीड वर्षापासून एका परदेशी संकेतस्थळावर जॅझ आणि ब्लूज गिटार शिकतोय. आपण वाजवल्याचा व्हिडिओ पाठवायचा, तिकडचे सर तो बघून व्हिडिओनेच उत्तर देतात, अशी पद्धत आहे. रोज साधारण ४० मिनिटं सराव होतो. पेंटॅटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचे, पाचही बॉक्स आणि सगळे मोड्स पाठ आहेत, स्केल्स वेगात वाजतात. पण बी फ्लॅटमधला बारा बारचा (एका बारला चार बीट) जॅझ ब्लूज साथीच्या ट्रॅकवर वाजवायला घेतला की सातव्या-आठव्या बारपाशी मी हरवतो. महिन्याला एक व्हिडिओ पाठवतो, तोही भरपूर टेक घेऊन त्यातला सगळ्यात चांगला. गेल्या तिन्ही वेळा उत्तर जवळपास सारखंच आलं: टाइम (लय) सांभाळा, कॉम्पिंगवर (कॉर्ड वाजवून साथ करण्यावर) काम करा, कमी वाजवा. सगळ्यांना ते हेच सांगत असावेत असं वाटायला लागलंय. पुढच्या महिन्यात वर्षाची वर्गणी भरायची आहे. ती न भरता समोर बसवून शिकवणारे सर शोधू का? की हे संगीत इथे राहून, या वयात यायचंच नाही? सेमी-हॉलो, म्हणजे आतून अर्धी पोकळ गिटार घ्यावी असंही मनात आहे, सध्याची सॉलिड बॉडी (भरीव) आहे.

उत्तर: तीन वेळा एकच उत्तर आलं म्हणजे ते साच्यातलं, असं तुम्ही धरून चाललात. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा. स्केल्स वेगात वाजतात, मोड्स पाठ आहेत, आणि आठव्या बारला तुम्ही हरवता. हरवणं हा टाइमचा आणि फॉर्मचा, म्हणजे बारा बारच्या चौकटीचा, प्रश्न आहे, बोटांचा नाही. सरांनी तीन वेळा जे सांगितलं ते तुमच्या तक्रारीचं नेमकं निदान आहे. त्यांची चूक असेल तर एवढीच, की निदानाबरोबर 'उद्या सकाळी काय करायचं' हे पुरेसं सांगितलेलं दिसत नाही. आणि ते त्यांच्याकडून काढून घेता येतं. त्यासाठी तुम्ही काय पाठवता ते बदलावं लागेल. त्याकडे येतोच, आधी आठवा बार.

साध्या ब्लूजमध्ये सातवा आणि आठवा बार दोन्ही घरच्या कॉर्डवर असतात. जॅझ ब्लूजमध्ये तसं नसतं. बी फ्लॅटमधली नेहमीची चाल अशी: पहिल्या बारला बी फ्लॅट सेव्हन, दुसऱ्याला ई फ्लॅट सेव्हन, तिसऱ्या-चौथ्याला पुन्हा बी फ्लॅट सेव्हन, पाचव्या-सहाव्याला ई फ्लॅट सेव्हन, सातव्याला बी फ्लॅट सेव्हन, आठव्याला जी सेव्हन, नवव्याला सी मायनर सेव्हन, दहाव्याला एफ सेव्हन, आणि शेवटच्या दोन बारमध्ये याच चार कॉर्ड दोन-दोन बीटांच्या: बी फ्लॅट, जी, सी मायनर, एफ. आठव्या बारमधल्या जी सेव्हनमध्ये बी नॅचरल, म्हणजे बी फ्लॅटच्या लगेच वरचा, हा सूर आहे. तुम्ही बी फ्लॅट पेंटॅटॉनिकच्या एका बॉक्सवर सात बार निभावून नेता, आणि आठव्या बारला ट्रॅकमधला बी नॅचरल तुमच्या बी फ्लॅटवर घासतो. कान बावचळतो, हात थांबतो, मोजणी सुटते. दीड वर्ष आणखी स्केल्स घोकले तरी हे सुटणार नाही, कारण तिथे कॉर्ड बदलली हे तुमच्या हातालाच कळत नाही. ते हाताला कळतं कॉम्पिंगमधून. सर कॉम्पिंग, कॉम्पिंग म्हणताहेत ते याचसाठी.

आता गिटार घ्या. कॉर्डचे तीनच सूर वाजवायचे: मूळ सूर, तिसरा आणि सातवा. यालाच शेल व्हॉइसिंग म्हणतात. बी फ्लॅट सेव्हन: सहाव्या तारेवर सहावा फ्रेट, चौथ्या तारेवर सहावा, तिसऱ्या तारेवर सातवा. ई फ्लॅट सेव्हनला मूळ सूर पाचव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर येतो, आणि वरच्या दोन सुरांचं बघा: चौथ्या तारेवर सहाचा पाच, तिसऱ्या तारेवर साताचा सहा. दोन बोटं फक्त एकेक फ्रेट मागे सरकली की कॉर्ड बदलली.

आठव्या बारपासूनची चाल याहून सुंदर आहे. जी सेव्हन तिसऱ्या फ्रेटवर न घेता वर घ्या: पाचव्या तारेवर दहावा, चौथ्यावर नववा, तिसऱ्यावर दहावा. मग सी मायनर सेव्हन: सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर आठवाच फ्रेट. मग एफ सेव्हन: पाचव्यावर आठवा, चौथ्यावर सातवा, तिसऱ्यावर आठवा. मग घरी, बी फ्लॅट सेव्हन. आता नुसती चौथी तार बघा: नऊ, आठ, सात, सहा. एक ओळ पायरी-पायरीने खाली उतरते. ही एक तार एकटी वाजवा आणि सोबत म्हणा. आठव्या बारला आपण कुठे आहोत हे ही ओळ सांगते, आणि एकदा ती कानात बसली की सोलो घेतानाही ऐकू येत राहते.

हे वाजवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. मूळ सूर सहाव्या तारेवर असताना मधली पाचवी तार मोकळी वाजते आणि सगळं गढूळ होतं. सहावी तार दाबणाऱ्या बोटाचं टोक किंचित पुढे टेकवून पाचवी गप्प करायची. पहिल्या-दुसऱ्या तारेला डाव्या हाताच्या बोटांची खालची बाजू हलकी टेकलेली ठेवायची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चौथ्या बीटवरची कॉर्ड पुरती वाजू द्यायची आणि मगच हात सरकवायचा असा तुमचा प्रयत्न असणार, त्यामुळे पुढच्या बारची पहिली बीट केसभर उशिरा पडते. या पद्धतीच्या ऱ्हिदममध्ये कॉर्ड पूर्ण लांबीची ठेवायचीच नसते. वाजली की डाव्या हाताचा दाब सैल, बोटं तारांवरच. तो सैल होण्याचा क्षण हाच सरकण्याचा क्षण. काउंट बेसींच्या जॅझ ऑर्केस्ट्रात गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बारला चार बीट अशी ऱ्हिदमच वाजवत राहिले. सोलो जवळजवळ नाहीच. जॅझ गिटारच्या इतिहासात त्यांचं स्थान त्या चार बीटांवर उभं आहे. कॉम्पिंग म्हणजे सोलो येईपर्यंतची तयारी, हा समज सोडायला एवढं उदाहरण पुरे.

मेट्रोनोम प्रत्येक बीटला लावू नका. ८० च्या टेम्पोला (मिनिटाला ८० बीट) वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ४० ला ठेवा आणि त्याचा ठोका दोन आणि चार या बीटांवर समजा. सुरुवातीला ठोका आपोआप 'एक' वाटायला लागेल, म्हणून गिटार बाजूला ठेवून आधी तोंडाने मोजा: ठोका पडला की 'दोन', मग मनात 'तीन', ठोका 'चार', मग 'एक'. तबल्याची सवय असेल तर बारा बार म्हणजे एक आवर्तन समजायला हरकत नाही, पण एकतालाशी गल्लत नको. इथे दर बारला चार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, आणि वजन समेवर न पडता दोन आणि चारवर पडतं. तपासायची खूण सोपी आहे. रेकॉर्डिंग ऐकताना मेट्रोनोमचा ठोका तुमच्या कॉर्डखाली बुडून गेला तर तुम्ही बरोबर आहात. 'टक' आणि 'झम' वेगवेगळे ऐकू आले तर आधी कोण आलं ते बघा. आधी 'टक' तर तुम्ही मागे, आधी 'झम' तर तुम्ही घाईत. नववा ते बारावा बार बहुतेकांचे घाईत जातात, कारण शेवट दिसायला लागलेला असतो.

आता व्हिडिओकडे. महिनाभर घासून, अनेक टेकमधला सर्वोत्तम निवडून तुम्ही पाठवता. म्हणजे ज्या टेकमध्ये तुम्ही आठव्या बारला हरवलात, नेमके तेच सरांनी कधी पाहिलेले नाहीत. शिकवणाऱ्याला हात कुठे अडखळतो ते दिसलं पाहिजे. निवडलेल्या टेकमध्ये त्याला उरतं ते एवढंच: टाइम थोडा डळमळीत, सूर जरा जास्त. मग उत्तर सर्वसाधारणच येणार.

म्हणून दहा दिवसांनी एक व्हिडिओ, दोन ते अडीच मिनिटांचा. ८० च्या टेम्पोला एक आवर्तन ३६ सेकंदांचं होतं, तीन आवर्तनं १०८ सेकंदांत बसतात. पहिलं आणि तिसरं कॉम्पिंग, मधलं सोलो. हात गरम करायला दोन टेक, तिसरा पाठवायचा, मधे हरवलात तरी न थांबता आणि न कापता. पुन्हा कसे सापडलात हेही सरांना बघायचं असतं. सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून वीस सेकंदांत तीन गोष्टी सांगा: काय सराव केला, कोणत्या टेम्पोला, आणि एक प्रश्न. 'कसं वाटलं?' हा प्रश्न नाही. 'आठव्या बारला जी सेव्हनवर जाताना माझी पहिली बीट उशिरा पडते. हात उशिरा निघतो की कॉर्ड मला उशिरा सुचते?' हा प्रश्न आहे. इंग्रजी साधं चालेल, नाही जमलं तर लिहून पाठवा.

फोन आडवा, तीन-चार फुटांवर, गिटारच्या उंचीला ठेवा. दोन्ही हात चौकटीत हवेत, चेहरा नसला तरी चालतो. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकू नका, दुसऱ्या स्पीकरवर गिटारपेक्षा थोडा हळू लावा, म्हणजे सरांना दोन्ही एकत्र ऐकू येईल. ब्लूटूथ हेडफोन आणि ट्रॅकसकट रेकॉर्ड करणारं ॲप ही जोडी तर टाळाच. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या आवाजाबरोबर बरोबर वाजवता, आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र ट्रॅकच्या मागे पडलेले ऐकू येता. टाइमबद्दल शेरा मिळालेल्या प्रत्येकाने आधी ही एक शक्यता तपासून काढून टाकावी. शिक्षकाला वाजवण्यातला उशीर आणि वायरलेसचा उशीर यातला फरक ऐकून सांगता येत नाही.

उत्तर आलं की पहिल्यांदा गिटार हातात न घेता बघा, कोणत्या सेकंदाला काय सांगितलं ते लिहा. मग गिटार घेऊन दुसऱ्यांदा. आणि पुढचा व्हिडिओ त्याच तुकड्याचा पाठवा, नवा विषय नको. या पद्धतीचा खरा फायदा दुसऱ्या उत्तरात असतो, कारण आता सर आधीच्या हाताशी आताचा हात ताडून बघू शकतात. महिन्याला एक आणि दर वेळी नवीन गाणं, यात ती तुलना कधी होतच नाही. अशा अनेक ठिकाणी इतर विद्यार्थ्यांचे व्हिडिओ आणि त्यांना मिळालेली उत्तरंही बघता येतात. तुमच्याकडे ती सोय असेल तर आठवड्यात एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. सर सगळ्यांना तेच सांगतात का, या शंकेचं उत्तरही तिथेच मिळेल.

'कमी वाजवा' याचा अर्थ सांगायचा राहिला. त्याचा अर्थ हळू वाजवा असा नाही. ब्लूजमध्ये चार-चार बारच्या तीन ओळी असतात. गाणारा साधारण दोन बार गातो आणि उरलेले दोन बार वाद्याला देतो. बी. बी. किंग यांचं गाणं आणि गिटार असेच आलटून पालटून बोलतात. सोलोतही तसंच करा: दोन बार बोला, दोन बार गप्प राहून फक्त ट्रॅक ऐका. ते गप्प बार फार अवघड जातात, आणि तिथेच फॉर्म पक्का होतो. त्याआधी आठवडाभर एका बारला एकच सूर एवढाच सोलो करा: बी फ्लॅटवर डी (तिसरी तार, सातवा फ्रेट), ई फ्लॅटवर डी फ्लॅट (सहावा), आठव्या बारला बी नॅचरल (चौथा), सी मायनर आणि एफ या दोन्हींवर ई फ्लॅट (आठवा), शेवटच्या दोन बारांना पुन्हा डी. बारा सूर, एकाच तारेवर. हा सोलो नीट टाइममध्ये वाजला तर सातव्या बारला हरवण्याचा प्रश्नच उरत नाही.

ब्लूजच्या बाजूने एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण पेंटॅटॉनिक वेगात शिकलेल्यांच्या हातात ती हटकून कच्ची असते: बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं. ए मायनर पेंटॅटॉनिकच्या पाचव्या फ्रेटवरच्या बॉक्समध्ये तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे डी. तो ई पर्यंत ओढायचा. आधी नववा फ्रेट साधा वाजवून ई कानात घ्या, मग ओढा, मग ट्यूनरवर बघा. तिसऱ्या बोटाने ओढताना मागची दोन बोटं त्याच तारेवर आधाराला हवीत आणि ताकद मनगट फिरवून यायला हवी, नुसतं बोट ढकलून नाही. बोट ढकलणाऱ्याचा बेंड कमी पडतो आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी मात्र पूर्ण ओढायचा नाही, पहिल्या बोटाने तार जमिनीच्या दिशेने खेचून तो जेमतेम पाव सूर चढवायचा. मायनर आणि मेजर यांच्यामधली ती जागा हा ब्लूजचा प्राण आहे. या दोन बेंडचा वेगळा, जवळून घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ सरांना पाठवाच.

आता समोर बसून शिकवणाऱ्या सरांबद्दल. गुरूसमोर बसल्याशिवाय विद्या येत नाही ही आपल्याकडची धारणा उगाच आलेली नाही. समोरचा माणूस तुमचा खांदा वर गेलेला त्याच क्षणी थांबवतो, तुम्ही कॉर्ड वाजवताना खाली बेस लाइन धरतो, आणि हे व्हिडिओच्या देवाणघेवाणीत होत नाही. पण समोर कोण बसलंय ते बघावं लागतं. शहरांतले बरेच गिटार क्लास गाण्यांच्या साथीवर किंवा परीक्षांच्या अभ्यासक्रमावर चालतात. ते चांगलंच शिक्षण आहे, फक्त तुम्हाला हवं ते नाही. भेटायला गेलात की एकच विनंती करा: बी फ्लॅटमध्ये ब्लूजची दोन आवर्तनं कॉम्प करून दाखवाल का, मी दोन-चारवर टाळी धरतो. जे सहज वाजवतील, आणि आठव्या बारला काय होतं हे सोप्या शब्दांत सांगतील, त्यांच्याकडे जरूर जा. महिन्यातून दोन तास त्यांच्याकडे आणि मधल्या दिवसांत व्हिडिओ, ही जोडणी खर्चात बसत असेल तर सगळ्यात चांगली. व्हिडिओ कॉलवरच्या लाइव्ह तासाला मात्र एक मर्यादा आहे. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही, म्हणजे नेमका तुमचा विषय, टाइम, तिथे तपासता येत नाही. पाठवलेल्या व्हिडिओत तुम्ही आणि ट्रॅक एका जागी असता, म्हणून टाइमपुरता तोच जास्त खरा. कॉल घ्यायचाच तर आवाजातला गोंगाट आपोआप कापणारी सोय बंद करा, नाहीतर ती गिटारचे लांबलेले सूर गिळते.

इथे राहून हे संगीत येणार नाही, असं म्हणायला इतिहासाचा आधार नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईत ताजमध्ये वाजवत होता, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्या काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले वादक मुंबईत स्विंग वाजवू लागले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. यातल्या बऱ्याच जणांनी नंतर हिंदी चित्रपटांचे ऑर्केस्ट्रा सांभाळले. नोटेशन शाळेतून आलं, स्विंग आला तो रोज रात्री शेजारी बसून वाजवण्यातून. तुमच्या शिक्षणात आज कमी आहे ती ही दुसरी गोष्ट, आणि ती कोणतीही वर्गणी देऊ शकत नाही. बेस वाजवणारा एखादा मित्र, ऑफिसमधला कीबोर्डवाला, कुणीही शोधा, पंधरा दिवसांतून एकदा एकच ब्लूज तासभर वाजवा. वयाची काळजी तेवढ्यापुरतीच करा की बोटं थंड असताना बेंड ओढू नयेत आणि मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबावं.

सेमी-हॉलो आत्ता घेऊ नका. आहे त्या गिटारवर नेकचा पिकअप, टोनची खुंटी निम्म्याच्या खाली, अँपवर गेन कमी, एवढ्यावर जॅझला पुरेसा गोल आवाज येतो. तारा दहाच्या किंवा अकराच्या (हा जाडीचा आकडा) घ्या, पण तिसरी तार साधी, वर दुसरी तार न गुंडाळलेली असू द्या. जॅझच्या जाड संचात ती गुंडाळलेली येते, आणि तिच्यावर वर सांगितलेला बेंड ओढताना बोटं मेटाकुटीला येतात. गिटारचे पैसे वाचतील त्यातून एकदा चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्या.

वर्गणी भरायला तुमच्याकडे अजून महिना आहे. या महिन्यात दोन व्हिडिओ पाठवा: पहिला न कापलेला, आठव्या बारच्या प्रश्नासकट, दुसरा त्याच तुकड्याचा, दहा-बारा दिवसांनी. उत्तर किती दिवसांत येतं, सर तुमच्या प्रश्नाला हात घालतात का, स्वतः वाजवून दाखवतात का, आणि पहिल्या व्हिडिओची आठवण ठेवून बोलतात का, हे बघा. यातलं निम्मं जरी झालं तर भरा, आणि सोय असेल तर वर्षाऐवजी तीन महिन्यांचेच पैसे भरा. नेमका प्रश्न विचारूनही दोन्ही वेळा आधीचीच तीन वाक्यं परत आली, तर मात्र तुमची शंका खरी होती. मग ते पैसे समोरच्या सरांसाठी ठेवा.